पलटणीतली कावीळ आणि यकृताच्या कॅन्सरचा माग



या मालेत आपण बहुतेक वेळा लढाया, किल्ले आणि सेनापती यांच्याबद्दल बोलतो. आजचा विषय यकृताच्या कॅन्सरचा आहे. निवृत्त फौजी माणूस डॉक्टरांच्या विषयात कशाला शिरतो, असं काहींना वाटेल. मी डॉक्टर नाही आणि कुणाला औषध सांगणार नाही. पण या कॅन्सरचं मोठं कारण शोधून काढण्याची जी वाट आहे, ती सैन्याच्या छावण्यांमधून जाते. आणि या इतिहासाचा एक लहानसा तुकडा माझ्या स्वतःच्या हातून बिघडला आहे. तो आधी सांगतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी मेजर होतो, एका कंपनीचा कमांडर. आमच्या ठाण्यावर रक्तदान शिबिर झालं. काही दिवसांनी रक्तपेढीकडून निरोप आला, की आमच्या एका नाईकाच्या रक्तात हिपॅटायटिस बी सापडला आहे. साताऱ्याकडचा गडी. धावण्यात पहिला, कधी सिक रिपोर्ट केलेला नाही. बातमी संध्याकाळपर्यंत बराकीत पसरली. आमचे डॉक्टर रजेवर होते. मी खबरदारी म्हणून हुकूम दिला: त्याचं ताट, मग आणि खाट वेगळी करा.

तो दुसऱ्या दिवशी माझ्यापुढे सावधान उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, मला काही होत नाही. मग ताट वेगळं कशाला?"

मी म्हणालो, "थोडे दिवस. सगळ्यांच्या भल्यासाठी आहे."

दहा दिवसांनी डॉक्टर परतले. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की हा विषाणू ताटातून, पाण्यातून, हस्तांदोलनातून पसरत नाही. तो रक्तातून, शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळाकडे जातो. त्या दुपारी मी लंगरमध्ये त्या नाईकाच्या शेजारी बसून जेवलो. चूक सुधारली असं मला वाटलं. अर्धीच सुधारली होती. उरलेल्या अर्ध्याकडे मी शेवटी येतो.

आधी मूळ प्रश्न. आपण ज्याला सरसकट कावीळ म्हणतो, तो एक आजार नाही. डोळे आणि लघवी पिवळी होणं हे यकृत बिघडल्याचं लक्षण आहे. बिघाडाची कारणं वेगवेगळी. गावाकडे कावीळ झाली की माळ घालतात. माळ रोज लांब होते आणि कावीळ उतरते असं मानतात. माळेतले देठांचे तुकडे सुकून आकसतात, दोऱ्याच्या गाठी सैल होतात, म्हणून माळ लांबते. आणि पाण्यातून होणारी बहुतेक कावीळ काही आठवड्यांत आपली आपणच बरी होते. श्रेय मात्र माळेला जातं.

पाण्यातल्या काविळीचं मोठं उदाहरण आपल्या राजधानीचं आहे. १९५५ च्या अखेरीस दिल्लीत काविळीची प्रचंड साथ आली. यमुनेचा प्रवाह बदलला, सांडपाणी शहराला पाणी उपसण्याच्या जागेपर्यंत पोचलं आणि सुमारे २९,३०० माणसं पिवळी पडली. पुढे जपून ठेवलेले रक्ताचे नमुने तपासल्यावर कळलं, की तो आज आपण ज्याला हिपॅटायटिस ई म्हणतो तो आजार होता. अशी कावीळ गरोदर बायकांना फार घातक ठरते. पण जो त्यातून उठतो, त्याच्या यकृतात ती सहसा मुक्काम ठोकत नाही. कॅन्सरकडे नेणारी कावीळ दुसरी आहे. ती पाण्यातून येत नाही. ती सुईतून येते, हे पहिल्यांदा दिसलं ते जर्मनीत.

१८८३ साली ब्रेमेनच्या एका जहाजबांधणी कारखान्यात १,२८९ कामगारांना देवीची लस टोचली. ती लस माणसाच्या अंगावरच्या फोडातली लस घेऊन तयार केलेली होती. पुढच्या काही महिन्यांत त्यांतल्या १९१ जणांना कावीळ झाली. त्याच कारखान्यात नंतर कामाला लागलेल्या, ती लस न घेतलेल्या कामगारांना काही झालं नाही. ल्युरमन नावाच्या डॉक्टरांनी १८८५ मध्ये हे सगळं नीट लिहून ठेवलं. पाणी तेच, अन्न तेच, फरक फक्त टोचण्याचा. इतका स्वच्छ पुरावा असूनही पुढची अनेक दशकं त्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही.

मग दुसरं महायुद्ध आलं. अमेरिकेचं सैन्य उष्ण प्रदेशांत जाणार होतं, म्हणून जवानांना पीतज्वराची लस सरसकट टोचली गेली. लस टिकावी म्हणून तिच्यात माणसाच्या रक्तातला द्रव, म्हणजे सीरम, मिसळत. ज्यांचं रक्त घेतलं त्या दात्यांपैकी काहींना पूर्वी कावीळ होऊन गेली होती. ते तेव्हा धडधाकट होते, म्हणून कुणाला शंका आली नाही. १९४२ च्या वसंतात छावण्यांमागून छावण्या पिवळ्या पडू लागल्या. सुमारे ५०,००० जवान आजारी पडले. त्या एप्रिलमध्ये सीरम घातलेली लस थांबवण्यात आली. पुढे हिशेब केला गेला तेव्हा लक्षात आलं, की कावीळ न दिसलेले धरून सुमारे ३,३०,००० जणांच्या शरीरात तो विषाणू गेला असावा.

फौजी माणूस म्हणून हा आकडा मला बोचतो. शत्रूच्या एकाही गोळीशिवाय इतकी माणसं आपल्याच दवाखान्याच्या सुईने लोळवली गेली.

पण खरी शिकवण चाळीसहून अधिक वर्षांनी मिळाली. त्या जवानांपैकी काही शेकडा जणांना, आता म्हातारे झालेल्यांना, शोधून त्यांचं रक्त तपासलं. ज्यांना कावीळ झाली होती त्यांच्या रक्तात विषाणूशी झुंज दिल्याच्या खुणा होत्या. विषाणू स्वतः मात्र जवळजवळ कुणातच उरला नव्हता. विशी-पंचविशीतल्या तगड्या शरीरांनी त्याला हाकलून दिलं होतं.

मग कॅन्सर कुणाला होतो? याचं उत्तर मिळायला आधी विषाणू सापडायला हवा होता. १९४७ मध्ये मॅकॅलम या ब्रिटिश डॉक्टरांनी पाण्यातल्या काविळीला 'ए' आणि रक्तातल्या काविळीला 'बी' अशी नावं सुचवली. नावं मिळाली, विषाणू हाती लागला नव्हता.

तो सापडला तो भलतंच काही शोधताना. बारूक ब्लूमबर्ग हे अमेरिकन संशोधक देशोदेशीच्या माणसांच्या रक्तात काय फरक असतो ते तपासत होते. अनेकदा रक्त चढवलेल्या एका हिमोफिलियाच्या रुग्णाचं सीरम ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी माणसाच्या रक्ताबरोबर ठेवलं, तेव्हा एक अनोळखी प्रथिन दिसलं. त्यांनी त्याला ऑस्ट्रेलिया अँटिजेन म्हटलं आणि १९६५ मध्ये जाहीर केलं. त्याचा अर्थ त्यांनाही ठाऊक नव्हता. दोन वर्षांनी त्यांच्याच प्रयोगशाळेतल्या एक सहकारी आजारी पडल्या. आधी त्यांच्या रक्तात ते प्रथिन नव्हतं, आता होतं, आणि पाठोपाठ कावीळ दिसली. ते प्रथिन म्हणजे हिपॅटायटिस बीच्या विषाणूचं बाहेरचं आवरण होतं. आज प्रयोगशाळेच्या कागदावर आपण 'एचबीएसएजी' असं वाचतो ते हेच. ब्लूमबर्ग यांना १९७६ चं नोबेल मिळालं. त्यांचा जन्मदिवस २८ जुलै. म्हणून त्या दिवशी जागतिक हिपॅटायटिस दिन पाळतात.

आता तैवानकडे चला. तिथे यकृताचा कॅन्सर फार होता आणि बी विषाणूही फार लोकांत होता. पण दोन गोष्टी एकाच गावात आढळल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली असं होत नाही. पामर बीस्ली या अमेरिकन डॉक्टरांनी सरळ मार्ग घेतला. १९७५ पासून त्यांनी २२,७०७ पुरुष सरकारी नोकरांची नोंद केली. कुणाच्या रक्तात विषाणू आहे, कुणाच्या नाही, ते आधी तपासलं आणि वाट पाहिली. १९८१ मध्ये त्यांनी हिशेब मांडला. तोवर ४१ जण यकृताच्या कॅन्सरने गेले होते. त्यांपैकी ४० जणांच्या रक्तात आधीपासून विषाणू होता. ज्यांच्या रक्तात तो नव्हता असे एकोणीस हजारांहून अधिक लोक होते. त्यांच्यातून गेला तो फक्त एक.

इथे १९४२ ची छावणी आणि तैवान जोडून पाहा. जवानांच्या शरीरात विषाणू गेला तो तरुणपणी. तैवानमधल्या बहुतेकांच्या शरीरात तो गेला जन्माच्या वेळी आईकडून, किंवा अगदी लहानपणी. मोठ्या माणसाला संसर्ग झाला तर शंभरात पाचांपेक्षाही कमी जणांत तो कायमचा राहतो. आईकडून नवजात बाळाला झाला तर शंभरातल्या सुमारे नव्वद बाळांत राहतो. बाळाचं शरीर त्याला परका म्हणून ओळखतच नाही. कावीळ होत नाही, ताप येत नाही. मूल वाढतं, शाळेत जातं, भरती होतं, धावण्यात पहिलं येतं. आत यकृताच्या पेशी वर्षानुवर्षं मरतात आणि नव्या बनतात, काही जागी व्रण धरतात. त्यालाच सिऱ्होसिस म्हणतात. विषाणूची जनुकं पेशीच्या जनुकांत घुसतात, म्हणून काहींना सिऱ्होसिस न होताही कॅन्सर होतो. चाळिशी-पन्नाशीत पोटात गाठ लागते तेव्हा मूळ घटना घडून अर्धं आयुष्य लोटलेलं असतं.

म्हणजे हा कॅन्सर थांबवायचा असेल तर पहारा जन्माच्या खोलीच्या दारात हवा. लस १९८१ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. १९८६ मध्ये यीस्टमध्ये जनुक घालून बनवलेली नवी लस आली, तिला माणसाचं रक्त लागत नाही. तैवानने १९८४ च्या जुलैत बाधित आयांच्या बाळांना लस द्यायला सुरुवात केली आणि दोन वर्षांत ती सगळ्याच बाळांना दिली. ६ ते १४ वर्षांच्या मुलांत यकृताच्या कॅन्सरचं प्रमाण आधी लाखात ०.७० होतं, ते १९९० ते १९९४ या काळात ०.३६ वर आलं. माणसाच्या इतिहासात लशीने एखादा कॅन्सर कमी झाल्याचा हा पहिला स्वच्छ पुरावा.

आपल्याकडे ही लस बरीच वर्षं परदेशातून यायची आणि सामान्य घराला परवडायची नाही. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने, वरप्रसाद रेड्डी यांच्या पुढाकाराने, १९९७ मध्ये देशी बनावटीची लस बाजारात आणली आणि किंमत खाली आली. सरकारी लसीकरणात ती आधी काही शहरांत आणि जिल्ह्यांत, मग १० राज्यांत आणि २०११ मध्ये देशभर पोचली. आज सरकारी दवाखान्यात बाळाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत पहिला डोस मिळतो. पुढचे डोस ६, १० आणि १४ आठवड्यांना. त्यातला पहिला डोस सगळ्यांत मोलाचा, आणि चुकतो तोही बऱ्याचदा तोच. 'बाळ नाजूक आहे, नंतर देऊ' असं घरातलं वडीलधारं माणूस म्हणतं आणि दिवस निघून जातो.

ही झाली बीची गोष्ट. तिचा एक भाऊ आहे, सी. तो १९८९ मध्ये सापडला आणि त्या कामाबद्दल हार्वे ऑल्टर, मायकेल हॉटन आणि चार्ल्स राइस यांना २०२० चं नोबेल मिळालं. सीवर लस नाही, पण आता गोळ्या आहेत. साधारण १२ आठवड्यांत शंभरातले पंचाण्णवहून अधिक रुग्ण विषाणूमुक्त होतात. बीची गोष्ट उलटी: लस आहे, औषधाने तो दबतो, पण सहसा पुरता जात नाही.

हे दोन्ही रक्ताच्या वाटेने येतात आणि आपण त्या वाटा पुष्कळ काळ उघड्या ठेवल्या. माझ्या लहानपणी दवाखान्यात काचेची सिरिंज आणि सुई एका स्टीलच्या ट्रेमध्ये उकळत असे. गर्दी असली की उकळणं घाईत व्हायचं. जत्रेत गोंदणारी बाई एकाच सुईने अख्ख्या गावाची नावं गोंदायची. न्हाव्याचा वस्तरा सगळ्यांना एकच. पैशासाठी रक्त विकणारे लोक होते. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर, १ जानेवारी १९९८ पासून, रक्त विकण्यावर बंदी आली. रक्तपेढ्यांना सीची तपासणी सक्तीची झाली ती २००१ मध्ये. आणि तरीही २००९ मध्ये गुजरातच्या मोडासा भागात हिपॅटायटिस बीची जी साथ आली, तिच्या मुळाशी पुन्हा पुन्हा वापरलेल्या सिरिंज होत्या. ब्रेमेननंतर १२६ वर्षांनी.

विषाणूशिवाय आणखी कारणं आहेत. १९७४ मध्ये राजस्थानातलं बांसवाडा आणि गुजरातमधलं पंचमहाल या भागांत अवकाळी पावसात भिजलेला, बुरशी लागलेला मका आदिवासी घरांनी खाल्ला, कारण दुसरं धान्य नव्हतं. ३९७ जण आजारी पडले, १०६ दगावले. त्या बुरशीतलं विष म्हणजे अफ्लाटॉक्सिन. एकदम जास्त गेलं तर यकृत निकामी करतं, थोडं थोडं वर्षानुवर्षं गेलं तर कॅन्सरला निमंत्रण देतं, आणि त्याच शरीरात बी असेल तर धोका कित्येक पटींनी वाढतो. शिजवून, भाजून हे विष पुरतं जात नाही. शेंगदाणे काळवंडले, खवट लागले, मक्यावर बुरशी दिसली, तर निवडून वापरू नका. टाकून द्या.

उरली दारू आणि चरबी. फौजेत रमची परंपरा आहे, मी ती नाकारत नाही. पण थंडीतल्या ठाण्यावरचा एक पेग आणि निवृत्तीनंतर कँटीनचा कोटा दरमहा संपवणं, यांत फरक आहे. आमच्या बॅचमध्ये आता भेटलो की पोस्टिंगच्या गप्पा कमी आणि 'फॅटी लिव्हर'च्या जास्त होतात. सकाळची पीटी सुटली, खाणं तेच राहिलं, साखर वाढली. दारूला कधी न शिवणाऱ्यांनाही मधुमेह आणि पोटाचा घेर यांमुळे यकृतावर चरबी चढते, पुढे सिऱ्होसिस होतो आणि काहींना कॅन्सर. यकृत तक्रार करत नाही, हा त्याचा गुण वाटतो आणि तोच घात करतो.

आता त्या उरलेल्या अर्ध्या गोष्टीकडे येतो. तो नाईक पुढे हवालदार होऊन निवृत्त झाला. डॉक्टरांनी त्याला नियमित तपासणीवर ठेवलं होतं, तो आजही बरा आहे. सहा-सात वर्षांपूर्वी त्याचा फोन आला. धाकटा भाऊ गेला, म्हणाला. यकृताचा कॅन्सर. वय ४६. पोटात पाणी झालं तेव्हा कळलं, तीन महिन्यांत संपलं. मग घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासलं, तर आईतही बी निघाला.

"साहेब, आमच्या दोघांत तो आईकडूनच आला असणार म्हणतात," तो म्हणाला. "तेव्हा कुणी सांगितलं असतं, तर त्याचंही रक्त बघितलं असतं."

त्याने मला दोष दिला नाही. मीच मोजून पाहिलं. त्या दिवसांत मी त्याचं ताट वेगळं करण्याचा हुकूम लिहिला, तो मागे घेण्याचा हुकूमही लिहिला. त्याच्या घरच्यांचं रक्त तपासून घ्या, असं दोन ओळींचं पत्र काही लिहिलं नाही. ते माझं काम आहे असं मला वाटलंच नाही. भीती वाटली तेव्हा आम्ही सगळे माणसापासून दूर झालो. त्याच्या घरापर्यंत जायचं होतं, ते राहिलं.

म्हणून आज तुम्हाला, मग तुम्ही बडोद्यात असा, इंदूरला, बेळगावला किंवा तंजावरला, थोडंसंच सांगतो. आयुष्यात एकदा एचबीएसएजी आणि हिपॅटायटिस सीची तपासणी करून घ्या, विशेषतः पूर्वी रक्त चढवलं असेल, जुन्या काळी गोंदवून घेतलं असेल, किंवा घरात कुणी यकृताच्या आजाराने गेलं असेल तर. २८ जुलै २०१८ पासून सरकारचा राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू आहे. त्यात तपासणी आणि उपचार मोफत आहेत. रिपोर्ट निगेटिव्ह आला तर लसीबद्दल विचारा, मोठ्यांनाही ती घेता येते. पॉझिटिव्ह आला तर घाबरू नका, आई, भावंडं, जोडीदार, मुलं, सगळ्यांचं रक्त तपासा. डॉक्टर म्हणतील तशी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करा. गाठ लहान असताना सापडली तर काढता येते. घरात बाळ येणार असेल तर आईची तपासणी आधी आणि बाळाची लस पहिल्याच दिवशी.

आणि एखाद्याचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला असं कळलं, तर त्याच्या शेजारी बसून जेवा. मग त्याला विचारा, घरच्यांचं रक्त तपासलं का?

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.